घरातली कचेरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



व्याख्यान देणे हा माझा प्रांत नव्हे. मंडळाच्या हिशेबाच्या वह्या मी लिहिते आणि वर्षातून एकदा जमाखर्च वाचून दाखवण्यापुरतेच माझे तोंड या सभेत उघडते. यंदा चिटणीसबाईंनी फर्मान काढले की, “आपल्याकडे घरोघर मुली-सुना घरून नोकरी करताहेत, त्यावर तुम्ही बोला.” मी म्हटले, “अहो, मग त्यांच्यापैकीच एखादीला बोलवा की!” तर म्हणाल्या, “विचारले. पण सभेच्या वेळी सगळ्या कामावर आहेत.” म्हणजे आहेत घरीच, पण आहेत कामावर. हे वाक्य ऐकून मला हसू आले, आणि घरी गेल्यावर त्यावर विचार करीत बसले. आज जे सांगावयाचे आहे ते त्या विचारातूनच निघालेले आहे. विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका.

प्रथम माझीच गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला या विषयाचे एवढे अगत्य का, हे तुम्हांला कळणार नाही. १९७५ साली मी फोर्टात एका खासगी कचेरीत हिशेबाच्या कामावर लागले. डोंबिवलीहून रोज गाडीने जायचे. जाऊन-येऊन तीन तास, आणि गाडी चुकली तर त्याहून अधिक. लेडीज डब्यात भाजी निवडायची, मटार सोलायचे, जागा मिळाली तर डुलकी काढायची. ते दिवस तुमच्यापैकी पुष्कळजणींनी काढले आहेत. त्याचे वर्णन नको. काम मला आवडत असे. महिनाअखेर ताळेबंद जुळला, की जो आनंद होतो तो ज्याने जुळवला आहे त्यालाच ठाऊक! अकरा वर्षे मी ती नोकरी केली. १९८६ साली धाकटा मुलगा झाला आणि त्याच वर्षी सासूबाईंना पक्षाघाताने अंथरुणाला खिळवले. पाळणाघर तेव्हा आमच्या वस्तीत नव्हते. मी साहेबांना विचारले, “वह्या घरी नेऊन लिहिल्या तर चालतील का? दर शनिवारी आणून देईन. एक अक्षर इकडचे तिकडे होणार नाही.” साहेब वाईट नव्हते, पण ते हसले. म्हणाले, “बाई, वही कचेरीबाहेर गेली तर मग कचेरी कशाला हवी?” मी राजीनामा दिला. सासूबाईंची सेवा केली, मुले वाढवली, त्याचे दुःख नाही. पण दर महिन्याच्या तीस तारखेला संध्याकाळी मला चुकल्यासारखे होई. ते किती वर्षे होत राहिले हे मी आमच्या घरात कोणाला सांगितलेले नाही. आज प्रथमच सांगते आहे.

आता कोणी म्हणेल, घरी बसून पैसे मिळवणे ही गोष्ट नवी थोडीच आहे? नव्हेच मुळी. गिरणगावातल्या खाणावळी आठवा. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार ज्यांच्या हातचे जेवून पाळीवर गेले, त्या बायकांनी आपल्या एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसांचा स्वयंपाक केला. त्यांना कोणी नोकरदार म्हटले नाही, धंदेवाल्याही म्हटले नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणले आणि बँकांचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा कुठे सावकाराचा फास ढिला झाला. आणि लिज्जत पापड! १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यांच्यापैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्या कामाची पद्धत पाहण्याजोगी आहे. सकाळी मळलेले पीठ केंद्रावरून घरी न्यायचे, लाटायचे, वाळवायचे, दुसऱ्या दिवशी तयार पापड वजन करून द्यायचे आणि नवे पीठ घ्यायचे. पापड कसा असावा याचा नियम सगळ्यांना एक, आणि लाटणारी बाई ही मजूर नव्हे, भागीदार. हे घरचे काम खरे, पण त्याला तराजू आहे, वही आहे, हक्क आहे.

याच्या उलट सोलापूरकडची विडी. तीही घरीच वळतात. पाने आणि तंबाखू घरी आणायची, दिवसभर मान मोडून हजारांच्या हिशेबाने विड्या वळायच्या. मग ठेकेदार त्यांतल्या किती वाईट म्हणून बाजूला काढील याचा नेम नाही. घरात तंबाखूची धूळ, आणि मुलांचे हातही त्याच सुपात. १९६६ साली कायदा झाला आणि घरी विडी वळणारी बाईसुद्धा कामगार आहे असे त्यात मानले गेले. ‘सुद्धा’ हा शब्द लिहायला आपल्याला किती वर्षे लागली पाहा.

तेव्हा घरी काम करणे हे आपोआप चांगले किंवा आपोआप वाईट असे नाही. पण आजच्या मुली ज्याला ‘वर्क फ्रॉम होम’ म्हणतात त्याची खरी सुरुवात कुठली असे मी शोधू लागले, तेव्हा मुलाने मला एका इंग्रज बाईची हकीकत वाचायला दिली. स्टेफनी शर्ली तिचे नाव. जन्माने जर्मनीतली ज्यू मुलगी. १९३९ साली, अवघी पाच वर्षांची असताना, हिटलरच्या छळातून मुलांना वाचवणाऱ्या गाडीने बहिणीबरोबर इंग्लंडात आली आणि परक्यांच्या घरी वाढली. पुढे गणित शिकली, संगणकाच्या कामावर लागली, आणि बाई म्हणून कचेरीत वर चढता येत नाही असे दिसल्यावर १९६२ साली सहा पौंडांच्या भांडवलावर, घरातल्या जेवणाच्या टेबलाशी बसून, तिने स्वतःची कंपनी काढली. संगणकाने काय करायचे, कसे करायचे, याच्या सूचना लिहिण्याचे ते काम. ते कागद-पेन्सिलीने घरी बसून होत असे. तिने कोणाला घेतले असेल? ज्या शिकलेल्या बायकांनी लग्नामुळे किंवा मुलांमुळे नोकऱ्या सोडल्या होत्या, त्यांना! पहिल्या तीनशे माणसांत २९७ बायका होत्या. कॉन्कॉर्ड नावाचे ते प्रसिद्ध विमान होते ना, त्याच्या ब्लॅक बॉक्ससाठीचे काम या घरी बसलेल्या बायकांनी केले.

गंमत अशी की, तिच्या नावाने पत्रे गेली की उत्तर येत नसे. मग नवऱ्याने सुचवले, ‘स्टीव्ह’ अशी सही कर. पुरुषाचे नाव! कामे येऊ लागली. आणि टेलिफोन आला की घरातला मुलाचा आवाज गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये म्हणून ती टाइपरायटरच्या खडखडाटाची फीत लावून ठेवीत असे. म्हणजे पलीकडच्याला वाटावे, काय मोठी कचेरी आहे! ती २०२५ साली वारली, ९१ वर्षांची होऊन. तिची ही गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. मी साहेबांना वह्या घरी नेऊ का म्हणून विचारले, त्याच्या चोवीस वर्षे आधी हे जगात कुठेतरी सुरू झालेले होते. मी काही जगावेगळे मागितले नव्हते.

आपल्याकडे हे सर्वांच्या घरात शिरले ते मार्च २०२० मध्ये. लोकल बंद, कचेऱ्या बंद, आणि वही कचेरीबाहेर गेली तरी कचेरी चालते हे एका आठवड्यात सिद्ध झाले. त्या दिवसांत आपण काय काय सोसले ते आठवायला नको. पण ती साथ ओसरल्यावरही हे काम थोडेबहुत घरात राहिलेच.

त्याचे फायदे काय, ते आता सांगते. प्रवासाचे तीन तास वाचतात, हे पहिले. तीन तास म्हणजे काय, हे डोंबिवलीकर बाईला फोड करून सांगावे लागत नाही. वर्षाला आठवडे निघतात त्यातून. गाडीतला जीवघेणा लोंढा चुकतो. गरोदर मुलीला, पाठीच्या दुखण्याच्या बाईला, ज्याला पायाने अधूपण आहे त्याला तर हे वरदानच आहे. गरम जेवण मिळते. तान्ह्याला अंगावर पाजता येते. माझी भाची सावंतवाडीला राहून पुण्याच्या एका कंपनीचे काम करते. तिची म्हातारी आई आपल्याच घरात, आपल्याच विहिरीचे पाणी पिऊन सुखात आहे, आणि पगाराचा पैसा गावात खर्च होतो. पण या सगळ्यांपेक्षा मोठा फायदा मला वाटतो तो निराळाच. बाईच्या हातातली विद्या तुटत नाही. मूल झाले, घरात कोणी आजारी पडले, नवऱ्याची बदली झाली, की आमच्या वेळी विद्येचा धागा तिथेच तुटत असे. पाच वर्षांनी परत जावे तर जग पुढे गेलेले. आज तो धागा बारीक का होईना, चालू राहतो. २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीत रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली हे सर्वांना ठाऊक आहे. पण रजा संपल्यावर, काम तसे असेल तर मालकाशी ठरवून घरून काम करता येईल, हेही त्यातच लिहिले होते. ते फार थोड्या मुलींना ठाऊक होते.

इथपर्यंत मी फायद्याचे बोलले. आता माझा कबुलीजबाब ऐका.

आमची सून एका कंपनीची पगारपत्रके करते. माझ्याच जातीचे काम! २०२२ साली नात झाली, आणि पुढे सूनबाई घरून काम करू लागली. मला केवढा आनंद! म्हटले, जे मला मिळाले नाही ते हिला मिळाले. आणि मग मी काय केले? “तू घरीच आहेस तर जरा दुधाकडे बघ, मी भिशीला जाऊन येते.” “घरीच आहेस, गॅसवाला येईल, सिलिंडर घेऊन ठेव.” “घरीच आहेस, शेजारच्या काकू आल्या आहेत, जरा बाहेर येऊन भेट, बरे दिसत नाही.” मुलगाही आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतो. त्याला दुधाकडे बघ असे मी एकदाही म्हटले नाही. त्याने लॅपटॉप उघडला की मी आवाज न करता चहा नेऊन ठेवी. हा फरक मी जाणूनबुजून केला असे नाही. तो माझ्या हातून होत होता, इतकेच.

सूनबाई काही बोलली नाही. चांगल्या घरच्या मुली बोलत नाहीत, त्यामुळेच आपले फावते. एका वर्षी मे महिन्यात मी सांडगे वाळत घालायला गच्चीवर चालले होते. महिनाअखेर होती. जिन्याच्या शेवटच्या वळणावर, पाण्याच्या टाकीपाशी, सूनबाई पायरीवर बसलेली. मांडीवर लॅपटॉप, पदराने घाम पुसते आहे आणि पगाराचे आकडे भरते आहे. मी विचारले, “अगं, इथे का?” ती म्हणाली, “आई, इथे मला कोणी हाक मारत नाही.” रागाने नाही, साधेपणाने म्हणाली.

भगिनींनो, माझ्या हातातले सांडग्यांचे ताट मी तिथेच पायरीवर ठेवले. माझ्या साहेबांनी मला हसून नाही म्हटले होते. मी तर सुनेला हो म्हणून, रोज दहा वेळा नाही म्हणत होते.

चीनमधल्या एका मोठ्या प्रवास कंपनीत २०१०-११ साली या गोष्टीचा रीतसर प्रयोग झाला, त्याविषयी मी नंतर वाचले. टेलिफोनवर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या ज्या नोकरांनी मागितले, त्यांच्यातल्या काहींना चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने नऊ महिने आठवड्याचे चार दिवस घरी काम दिले, बाकीच्यांना कचेरीतच ठेवले. घरच्यांचे काम शंभराला तेराने वाढले, नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. हे आकडे सगळे सांगतात. पण त्याची एक अट होती, ती कोणी सांगत नाही: ज्यांच्या घरी कामासाठी स्वतंत्र खोली आहे त्यांनाच त्यात घेतले होते. आणखी एक. प्रयोग संपल्यावर हवे ते निवडा म्हटले, तेव्हा घरी काम करणारांपैकी जवळजवळ निम्मे कचेरीत परत गेले. एकटेपणाचा कंटाळा आला म्हणून. शिवाय काम तेवढेच चांगले करूनही घरी बसणाऱ्यांना बढती कमी मिळाली. साहेबाच्या डोळ्यांसमोर नसलेले माणूस साहेबाच्या मनातूनही जाते, हे तिकडेही तसेच. म्हणून आमची सून आता आठवड्यातून एक दिवस ऐरोलीला कचेरीत जाते. त्या दिवशी मी नातीला सांभाळते, आणि ती संध्याकाळी जरा निराळ्या चेहऱ्याने परत येते.

स्वतंत्र खोली आपल्यापैकी कितीजणींकडे आहे? आमचे घर दोन खोल्यांचे. आम्ही काय केले ते सांगते. फार थोर काही नाही. बंद गॅलरीतल्या जुन्या ट्रंका माळ्यावर टाकल्या, तिथे एक टेबल बसवले, कपाट फिरवून आडवे केले आणि जाड पडदा लावला. पडदा ओढलेला असला की सूनबाई फोर्टात गेली आहे असे समजायचे, हा नियम. पहिल्या दिवशी कुरिअरवाला आला. मी सांगितले, “ती घरी नाही.” आणि त्याच क्षणी आतून ती टेलिफोनवर मोठ्याने बोलू लागली! कुरिअरवाल्याने माझ्याकडे असे पाहिले की, म्हातारी वेड लागलेली दिसते. लागू दे. दुधाकडे आता मुलगा बघतो. दोनदा उतू गेले. उतू गेल्याशिवाय कोणी शिकते का? आपण शिकलो तेव्हा गेले नव्हते का?

सरकारने २०२४ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली, तीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात असे निघाले, आणि पुरुषांची ८८. म्हणजे नोकरी घरात आणली तर ती या २८९ मिनिटांच्या शेजारी येऊन बसते. पडदा नसेल तर दोन्ही कामे एकाच वेळी चालतात, आणि एका वेळी दोन हिशेब लिहिणाऱ्याचे दोन्ही चुकतात, हे मी हिशेबनीस म्हणून सांगते.

आता दोन शब्द सावधगिरीचे. घरबसल्या काम म्हणून मोबाइलवर ज्या जाहिराती येतात त्यांतल्या पुष्कळ खोट्या असतात. खूण सोपी आहे: काम देण्याआधी जो तुमच्याकडून पैसे मागतो तो काम देणारा नव्हे. आपल्याच गल्लीतल्या एका मुलीने ‘नोंदणी’ म्हणून चार हजार भरले. मग ‘अनामत’ म्हणून आणखी मागितले, तेव्हा तिच्या ध्यानात आले. लाजेने तिने घरी आठ दिवस सांगितले नाही. लाजू नका; १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा असतो, जितका लवकर तितका पैसा अडण्याचा संभव. आणि काम खरे असले तरी नेमणुकीचे पत्र, पगाराचा दर, कामाचे तास, भविष्यनिर्वाह निधी हे सगळे कागदावर मागा. घरी बसून काम करते म्हणजे उपकार घेते असे कोणी मानू नये. कंपनीची जागा, वीज, पंखा वाचतो तो आपल्या घरचा खर्च होतो, हे मुलींच्या ध्यानात नसते.

शेवटी एक सूचना मांडते, ती कार्यकारिणीने विचारात घ्यावी. मंडळाची ही खोली दुपारी बारा ते चार रिकामी असते. आपल्या परिसरात एका खोलीच्या घरातून काम करणाऱ्या निदान पाच-सहा मुली मला ठाऊक आहेत; त्यांतली एक जिन्यातच बसते, मी तिला पाहिले आहे. इथे दोन टेबले, विजेचे दोन-तीन खटके आणि चांगला इंटरनेट एवढे झाले तर त्यांची सोय होईल, आणि चारचौघी एकत्र बसल्याने एकटेपणाही जाईल. वर्गणी त्यांनी द्यावी, थोडी मंडळाने सोसावी. किती येईल याचा अंदाज मी वहीत काढला आहे, पुढच्या सभेला वाचून दाखवीन. मंगळवारी भजन असते. त्या दिवशी काय करावे ते भजनाच्या बायकांनीच ठरवावे, माझी त्यांना सांगण्याची छाती नाही. आमच्याकडे एक पंखा जादा आहे, तो मी देते. टेबलांचे कोणी तरी बघा. किल्ली चिटणीसबाईंकडे आहेच.